सगळं ओरिजिनल, फक्त इंजिन बोलेरोचं

जुनी जीप विकणारा माणूस खोटं बोलत नाही. तो एकाच दमात दोन खऱ्या गोष्टी सांगतो आणि त्या दोन्ही एकमेकींच्या अंगावर येतात. "गाडी एकदम ओरिजिनल आहे," ही पहिली. "आन् सगळं नवीन टाकलंय," ही दुसरी. शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याला आणि तिथून दौंडला जाताना एखाद्या गॅरेजसमोर किंवा रसवंतीच्या मांडवाशेजारी 'विकणे आहे' अशी पाटी लावलेली हिरवीगार जीप दिसली, की थांबावं. फक्त वेळ हाताशी असावा.

"मॉडेल कितीचं, मालक?"

"बासष्टचं. विलीज. अमेरिकन."

"इंजिन?"

"बोलेरोचं."

"गिअरबॉक्स?"

"ती पण बोलेरोची. जोडीनंच घेतली."

"आणि बॉडी?"

"डबवालीहून आणली. कोरी."

"मग बासष्टचं काय राहिलं?"

मालक दुखावतो. कुणी घरातल्या माणसाबद्दल वावगं बोलावं तसा चेहरा करून म्हणतो, "असं कसं? चेसिस आहे की!" आणि थोडा थांबून, प्रामाणिकपणे भर घालतो, "निम्मी."

हरियाणा-पंजाबच्या हद्दीवर मंडी डबवाली नावाचं गाव आहे. तिथं उघड्या जीपा अशा बांधून मिळतात, की गिऱ्हाइकानं फक्त रंग सांगायचा. त्यामुळे शिरूर-दौंडच्या कित्येक 'अमेरिकन' गाड्यांचं अंग डबवालीचं, काळीज नाशिकचं आणि पाय पुण्याच्या नाना पेठेतले असतात. अमेरिकन राहतो तो फक्त बाणा.

आता कुणी म्हणेल, अमेरिकन गाडीची हौसच होती तर जीप कशाला? अमेरिकेत त्यापेक्षा दणकट माल होता की! होता. 1964 साली पाँटियाक कंपनीनं मध्यम आकाराच्या गाडीत 6.4 लिटरचं इंजिन कोंबलं, 325 अश्वशक्ती दिली आणि तिला जीटीओ नाव ठेवलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये फोर्डची मस्टँग आली. मागोमाग कॅमारो, चार्जर, चॅलेंजर अशी फौज उतरली. या गाड्यांना तिकडे मसल कार म्हणतात. सरळ रस्त्यावर धूर काढत पळायचं आणि वळण आलं की देवाचं नाव घ्यायचं, असा त्यांचा स्वभाव. 1973 मध्ये अरबांनी तेल अडवलं आणि या पैलवानांचा खुराक बंद झाला.

आपल्याकडे हे पैलवान जवळजवळ आलेच नाहीत. जनरल मोटर्स 1928 पासून मुंबईत शिवडीला शेवरोले जोडत होती. पुढे सरकारनं सांगितलं, सुटे भाग इथंच बनवा, नाहीतर निघा. कंपनी 1954 मध्ये निघाली. मसल कार जन्माला आल्या तेव्हा आपलं दार बंद होऊन दहा वर्षं झाली होती. शिरूरला घोडनदीच्या काठी जी अमेरिका पोचली ती त्याआधीच, पेटाऱ्यात सुट्या भागांच्या रूपात आली होती. महिंद्रांनी 1947 मध्ये विलीज जीप आणायला आणि मग मुंबईत जोडायला सुरुवात केली. मूळ लष्करी विलीजचं इंजिन 2.2 लिटरचं, ताकद 60 अश्वशक्ती. जीटीओच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी. पण आपल्या जीपची खरी ताकद इंजिनात नव्हतीच. ती मागून धक्का मारणाऱ्यांच्या दंडात होती, आणि त्या अर्थानं हिच्याइतकी अस्सल मसल कार दुसरी नाही.

या जीपनं तालुक्यात काय काय पाहिलं! आधी ती साहेबाची होती. लांबून धुरळा दिसला की मामलेदार आला, बीडीओ आला, की कारखान्याचा शेतकी अधिकारी, यावर पारावर पैजा लागत. शाळेची पोरं ओळीत उभी राहत आणि ज्याच्याकडे वसुली बाकी तो माणूस ओढ्याकडे चालू लागे. मग सरकारी लिलावात ती कुणी तरी घेतली आणि तिची वडाप झाली. तिथं तिनं जे सोसलं ते महायुद्धातल्या तिच्या बहिणींनीही सोसलं नसेल. नवविवाहित जोडपं, दोन करडं, दुधाच्या किटल्या, पिठाचा डबा आणि बोनेटला टेकलेला एक कॉलेजकुमार अशी भरती झाल्यावर ड्रायव्हर स्वतः कुठं बसायचा हा प्रश्न उरे. तो अर्धा बाहेर बसे. एक पाय क्लचवर आणि एक हात स्टिअरिंगला, एवढीच त्याची गाडीतली हिस्सेदारी. उरलेला ड्रायव्हर वाऱ्यावर.

शेवटी ती लिंबाखाली आली. कोंबड्या मागच्या सीटवर अंडी घालू लागल्या.

तिथंच ती सुखानं संपली असती, पण रांजणगावला एमआयडीसी आली, कुरकुंभला आली, रस्ते रुंद झाले, जमिनीला भाव आला आणि माणसाला मोकळा पैसा व मोकळी संध्याकाळ एकदम मिळाली. या दोन गोष्टी एकत्र आल्या की माणूस एक तर निवडणुकीला उभा राहतो, नाही तर जुनी जीप घेतो. काही जण आधी जीप घेतात, कारण उभं राहिल्यावर उभं राहायलाही जीपच लागते.

जीप भंगाराच्या भावात मिळते. हा सगळ्या दुःखाचा उगम. मिस्त्री गाडीभोवती एक फेरी मारतो, चाकाला लाथ घालतो, बोनेट उघडून आत बघतो आणि म्हणतो, "काय नाय यात. पंधरा दिवसांत उभी करतो." मिस्त्रीच्या पंचांगात पंधरवडा हा एक स्वतंत्र काळ आहे. त्यात दसरा येतो, दिवाळी येते, गावची यात्रा येते, मिस्त्रीच्या मेव्हण्याचं लग्न येतं, फक्त जीप येत नाही.

मालक मधल्या काळात जाणकार होतो. कालपर्यंत ज्याला स्टेपनी आणि सायलेन्सर यांतला फरक सांगावा लागे, तो आता बुधवारी आणि रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात गंजलेल्या ढिगासमोर उकिडवा बसलेला सापडतो. त्याला मूळ विलीजचा हेडलाइट हवा असतो. विकणारा विचारतो, "कुठली गाडी?" मालक चाळीस मिनिटं युद्धाचा इतिहास सांगतो. विकणारा शांतपणे ट्रॅक्टरचा दिवा काढून देतो. तो बसतो. तो नेहमीच बसतो, हे जास्त लागतं.

घरात या काळात एक थंड युद्ध सुरू असतं.

"अहो, विहिरीवरची मोटर जळून महिना झाला."

"बघतो."

"त्या जीपला तिसऱ्यांदा रंग दिलात म्हणे."

"पहिला हिरवा मिलिटरीचा नव्हता."

"मग कुणाचा होता?"

"वनखात्याचा."

इथपर्यंत त्याला जीर्णोद्धार म्हणता येईल. जुन्या देवळाचा कळस दुरुस्त करावा तसा. पण कळस बसला की हात शिवशिवतात आणि मग 'अपग्रेड' नावाचं प्रकरण सुरू होतं. डोक्यावर एलईडीची पट्टी येते, जी लावली की समोरचा ऊसवाला ट्रॅक्टर सोडून शेतात उतरतो. चाकं इतकी रुंद येतात की स्टिअरिंग वळवलं की ती चौकटीला घासतात. त्यावर उपाय म्हणून मालक वळत नाही. इनोव्हाच्या सीटा येतात. त्यांच्यावर बसल्यावर माणूस काचेच्या वर जातो आणि वाटेतले सगळे किडे थेट भेटतात. एकानं रिव्हर्स कॅमेरा बसवला. उघडी जीप. मान वळवली तर मागं अख्खा तालुका दिसतो. तरी गाडी मागं घेताना तो मान खाली घालून हातभर पडद्यात त्याच तालुक्याचा चौकोनी तुकडा बघतो. दुसऱ्याच्या मनात एसी होता. मिस्त्रीनं पाना खाली ठेवला आणि विचारलं, "मालक, गार कुणाला करायचं? न्हावरा फाट्याला?"

ही लागण फक्त इकडची असं समजून कुणी लाजू नये. अमेरिकेत 1967 च्या मस्टँगचा अख्खा पत्र्याचा सांगाडा आज नवा तयार विकत मिळतो. त्यात नवं इंजिन घाला, नवे ब्रेक घाला, आणि जुनी गाडी तयार, जिनं जुनं वर्ष कधी बघितलंच नाही. जीपवाले तर त्याहून पुढे. दुसऱ्या महायुद्धात विलीजच्या बरोबरीनं फोर्डनंही त्याच घाटाच्या जीपा बनवल्या आणि आपले भाग ओळखू यावेत म्हणून बोल्टाच्या डोक्यावर इंग्रजी एफ अक्षर उठवलं. आज तिकडची पोक्त माणसं भिंग घेऊन गाडीखाली झोपतात आणि एफ नसलेला बोल्ट सापडला की रात्री जेवत नाहीत. आपला मिस्त्री हे ऐकून म्हणाला, "बोल्ट सापडला ना? मग रडायचं कशाला? इथं बोल्टच नस्तो."

आणि एवढं करून जगातली गंमत बघा. स्टीव्ह मॅक्वीननं 'बुलिट' सिनेमात पळवलेली 1968 ची मस्टँग न्यू जर्सीच्या एका माणसानं 1974 मध्ये 6,000 डॉलरना घेतली. त्याची बायको शिक्षिका होती, ती या गाडीनं शाळेत जायची. मॅक्वीननं स्वतः 1977 मध्ये पत्र लिहून गाडी परत मागितली, यांनी दिली नाही. नंतर ती वर्षानुवर्षं पडून राहिली. कुणी तिला रंग दिला नाही, एलईडी लावला नाही. पोपडे उडालेल्या त्याच अवस्थेत जानेवारी 2020 मध्ये ती लिलावात गेली आणि 37 लाख 40 हजार डॉलरना विकली गेली. म्हणजे लिंबाखाली कोंबड्या जे काम फुकट करत होत्या, तेच बरोबर होतं. ही हकीकत दौंडच्या एका जीपमालकाला सांगितली तेव्हा तो बराच वेळ आपल्या चकचकीत बोनेटकडे बघत राहिला. मग म्हणाला, "कोंबड्या परत बसवू का?"

विकायची वेळ येते ती साधारण तिसऱ्या रंगानंतर. किंमत कशी ठरते? मालक वहीत सगळा खर्च मांडतो: पत्रा, रंग, रंग, रंग, टायर, मिस्त्रीचा चहा, पुण्याच्या फेऱ्या. त्याखाली मनस्ताप अशी एक ओळ असते आणि तिच्यापुढचा आकडा पेन्सिलीनं लिहिलेला असतो, कारण तो रोज वाढतो. दौंडच्या पलीकडे काष्टीच्या बाजारात बैलाचा सौदा होतो तेव्हा दोन माणसं रुमालाखाली हात घालतात, बोटं दाबतात आणि मिनिटभरात मोकळी होतात. दात बघितले, चाल बघितली, संपलं. जीपच्या सौद्यात रुमाल नाही, त्यामुळे सगळी अब्रू उघड्यावर.

"फायनल किती?"

"आधी गाडी बघा."

"बघितली."

"चालवून बघा."

"किती ते तर सांगा."

"तुम्ही किती देताय?"

"तुमच्या मनात काय आहे?"

"आधी चहा घ्या."

गिऱ्हाईक एकटं कधीच येत नाही. त्याच्यासोबत चार जण असतात आणि चारही जण गाड्यांतले दर्दी. एक टायरला लाथ मारतो. दुसरा डोळे मिटून सायलेन्सरला कान लावतो आणि तंबोरा जुळवणाऱ्या गवयासारखा "किंचित चढाय" म्हणतो. तिसरा खाली वाकून बघतो आणि काही न बोलता "हं" करून उभा राहतो, हा सगळ्यात महागात पडतो. चौथा स्टिअरिंगवर बसून फोटो काढून घेतो. त्याला गाडी घ्यायची नसते, त्याला स्टेटस ठेवायचं असतं. वाटाघाटीच्या शेवटी गिऱ्हाईक म्हणतं, "दादा, एक करा. येत्या रविवारी भाचीचं लग्न आहे. नवरदेवाला हिच्यातनं मिरवू द्या. चांगली चालली तर घेतोच." अशी ही जीप तालुक्यातल्या कित्येक नवरदेवांना मांडवापर्यंत पोचवते आणि स्वतः मात्र बिनलग्नाची घरी येते.

चालवून बघण्याची फेरी बहुतेक भीमेच्या पुलाकडे जाते. रस्ता सरळ, वारा मोकळा, दोन्ही बाजूंना ऊस. मालक चौथा गिअर टाकतो, मान ताठ करतो, आणि नेमकी पुलाच्या मध्यावर जीप खोकते. मग मोठा श्वास सोडते. मग काहीच सोडत नाही. मागं दोन ट्रेलर ऊस भरलेला ट्रॅक्टर थांबतो, त्याच्या मागं दुसरा, त्याच्या मागं एसटी. ट्रॅक्टरवाला खाली उतरतो, जीपला फेरी मारतो.

"कुठली गाडी म्हणायची ही?"

"अमेरिकन."

"मग तिकडनंच मिस्त्री बोलवा. आमचा ऊस वाळतोय."

दोर बांधला जातो. दोन ट्रेलर उसामागं एक टन अमेरिका निमूट ओढली जाते. गिऱ्हाईक याही अवस्थेत मागच्या सीटवरून विचारतं, "ॲव्हरेज किती देते?"

समजा, सौदा जमलाच. आता कागद. शिरूरची गाडी पुण्याच्या आरटीओची, एमएच-12. दौंड तालुका बारामतीच्या आरटीओत, एमएच-42. मधे फक्त नदी, पण कागदावर ती महासागर होते. खासगी गाडीचं पासिंग पंधरा वर्षांचं, पुढे दर पाच वर्षांनी नवं करायचं. जुन्या मोटारीला त्यासाठी पूर्वी 600 रुपये पडत, ते एप्रिल 2022 मध्ये 5,000 झाले होते. पैशाचं एक वेळ जमेल. साहेब गाडीजवळ येऊन पुस्तकात बघतात तिथं जमत नाही. पुस्तकात पेट्रोल, समोर डिझेल. कंपनीनं दिलेल्या मूळ घडणीत असा फेरबदल चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलेलं आहे.

मालकाला मग कुणी तरी व्हिंटेजची वाट दाखवतं. केंद्र सरकारनं 2021 मध्ये त्याचे नियम काढले. पन्नास वर्षांवरची गाडी असेल तर 20,000 रुपये भरून खास नंबर मिळतो, मध्ये इंग्रजी व्हीए अक्षरं असलेला. मालक आनंदानं नाचतो, कारण बासष्ट म्हणजे पन्नासच्या कितीतरी पलीकडे. पण खालची ओळ वाचायची राहिलेली असते: गाडी मूळ रूपातच हवी, चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा बदल नको. शिवाय असा नंबर मिळाला तरी ती रोज रस्त्यावर आणायची नाही. रॅलीला न्या, प्रदर्शनाला न्या, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला न्या. ही शेवटची सवलत वाचून एक मालक म्हणाला, "मग हरकत नाय. आमची दुसरीकडं जातेच कुठं?"

तर कायद्याला ती जुनी म्हणून चालत नाही, कारण नवी आहे. आणि नवी म्हणून चालत नाही, कारण जुनी आहे.

या सगळ्यात मोठी चेष्टा रांजणगावात बसली आहे. महागणपतीच्या या गावच्या एमआयडीसीत फियाट आणि टाटांच्या भागीदारीतला कारखाना आहे आणि तिथं 2017 पासून खरीखुरी, कंपनीची, अमेरिकन नावाची जीप बनते. तिचं कंपास हे मॉडेल तिथून ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, जपानला गेलं. 2021 पासून रँग्लरही तिथं जोडू लागले, म्हणजे लिंबाखालच्या त्या विलीजची थेट पणती. तेव्हा तिची किंमत 53 लाख 90 हजारांपासून सुरू होत होती. आपल्या तालुक्यात जन्मलेली, पण आपल्या तालुक्याला न परवडणारी ही लेक. जीप या नावानं मालक तरी किती बदलले! विलीज, मग 1953 मध्ये कैसर, 1970 मध्ये अमेरिकन मोटर्स, 1987 मध्ये क्रायस्लर, 1998 मध्ये जर्मन डाइम्लर, पुढे फियाट आणि 2021 मध्ये स्टेलँटिस. वडाप जीपचंही पुस्तक इतक्या नावांवर झालेलं नसतं.

भाऊबंदकीही पुरेपूर. महिंद्रांनी 2018 मध्ये अमेरिकेत रॉक्सर नावाची, फक्त शेतारानात चालवायची उघडी गाडी काढली. जिनं विलीजकडून रीतसर परवाना घेऊन दशकानुदशकं जीप बनवली तीच ही कंपनी. तरी जीपचे तेव्हाचे मालक भांडायला उठले: तोंडवळा आमचा चोरला! 2020 मध्ये तिथल्या व्यापार आयोगानं त्यांच्या बाजूनं कौल दिला आणि महिंद्रांना गाडीचा चेहरा बदलावा लागला. बांधाच्या वितभर जमिनीवरून तीन पिढ्या कोर्टात जाणाऱ्या शिरूर-दौंडकरांना हा खटला समजावून सांगावा लागत नाही.

रांजणगावच्या कंपनीत कामाला असलेला पोरगा पाळी सुटली की मोटरसायकलनं घरी येतो. दिवसभर अंगठ्यानं बटण दाबलं की सुरू होणाऱ्या जीपा बघून आलेला असतो. दारात चुलता वाट बघत उभा असतो. "आलास का? जरा लाव हात," चुलता म्हणतो आणि पोरगा शर्टाच्या बाह्या सरसावून जीपच्या मागं जातो.

आणि कधी तरी चमत्कार होतो. कुणी तरी खरंच पूर्ण पैसे घेऊन येतं. घासाघीस न करता गड्डी टेबलावर ठेवतं. तेव्हा मालकाच्या चेहऱ्याचा रंग जीपसारखा तिसऱ्यांदा बदलतो. तो गड्डीकडे बघतो, जीपकडे बघतो, आणि म्हणतो, "तसं विकायचं काय मनात नव्हतं ओ. नुसता अंदाज घेत होतो." आतून बायकोचा आवाज येतो, "घ्या अंदाज! मोटर घ्या त्या पैशात!" पण तोवर तो बाहेर जाऊन बोनेटवरची धूळ पुसत असतो. पाटी मात्र काढत नाही. पाटी असली की चार माणसं थांबतात, विचारतात, आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगता येतं.

तेव्हा वाचकहो, त्या रस्त्यानं जाताना मोह झालाच तर रंगाकडे बघू नका. आधी खाली वाकून चेसिसवरचा नंबर पुस्तकातल्या नंबराशी ताडून बघा. इंजिनाचा जुळतो का, पासिंग कुठवर आहे आणि पुस्तकात इंधन कोणतं लिहिलंय तेही पाहा. हे सगळं चहाच्या आधी उरका, कारण चहा झाल्यावर माणसाला नाही म्हणवत नाही. आणि भीमेच्या पुलावर फेरी मारायला जाणार असाल तर ऊसतोडीचा हंगाम बघून जा. पावसाळ्यात तिथं ओढायला ट्रॅक्टर लवकर मिळत नाही.